आधी उभ्या राहा, मग केस कापा

पार्लरच्या खुर्चीत बसलं की सगळ्यात आधी काय होतं, तर तो काळा एप्रन गळ्याशी आवळून बांधतात. त्या क्षणी मान गेली, खांदे गेले, उंची तर बसतानाच गेलेली असते, मागे उरतो नुसता चेहरा, तोही त्या पांढऱ्या लाइटमध्ये सुजल्यासारखा दिसणारा. मग त्या चेहऱ्याकडे बघत ताई विचारते काय करायचं, आपण मोबाइल काढून सेव्ह केलेला फोटो दाखवतो, आणि फोटोतली बाई असते पाच फूट आठ इंच, मान लांबसडक, खांदे टोकदार. आपण पाच फूट एक. चेहरा जुळतही असेल, तिचा गोल आणि आपलाही गोल, पण चेहऱ्याच्या खाली जे काय आहे त्याचं काय करायचं?

माझं म्हणणं असं की चेहऱ्याचा आकार हा हेअरकटमधला तिसऱ्या नंबरचा मुद्दा आहे. आधी केसांचा पोत, मग बांधा, मग चेहरा. इन्स्टावरचे ते सहा आकारांचे चार्ट नेमकं उलटं शिकवतात, त्यात बायकांना मानेच्या खाली काही नसतंच. आणि लोक आपल्याला काय खुर्चीत बसलेलं बघतात का, ते बघतात आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला उभं, लग्नात पाठमोरं, ऑफिसच्या जिन्यात चालताना. म्हणून मी तर आता सरळ सांगते, थांबा, एप्रन बांधायच्या आधी मला आरशासमोर उभी राहू द्या. घरून येतानाही रोजच्या घालण्यातला कुर्ता घालून यायचं, त्या दिवसापुरता कॉलरवाला शर्ट नाही, कारण गळा कसा आहे यावर निम्मं ठरतं.

तरी चेहऱ्याचं आधी उरकून घेते, कारण विचारतात सगळे तेच.

केस मागे घेऊन घट्ट बांधा, शिवणकामाची टेप घ्या आणि चार मापं काढा. कपाळ जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या जरा खाली एका गालफडापासून दुसऱ्यापर्यंत, हनुवटीच्या टोकापासून कानाखालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि त्याची दुप्पट, आणि उभं माप कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंत. उभं माप आडव्याच्या साधारण दीडपट असेल तर अंडाकृती, त्याहून बरंच जास्त तर लांबट, दोन्ही जवळजवळ सारखी आणि जबडा गोलसर तर गोल, सारखी पण जबड्याला कोपरे तर चौकोनी, कपाळ रुंद आणि खाली निमुळतं तर बदामी, गालफडंच सगळ्यात रुंद असतील तर हिऱ्यासारखा, आणि जबडा सगळ्यात रुंद असेल तर खालून भरलेला. बहुतेक जणी दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतात, त्यामुळे माझा नेमका कुठला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

सेल्फीवरून मात्र चेहरा ठरवू नका हां. फोन जवळ धरला की मधला भाग फुगतो आणि कडा आत जातात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे आपण ज्या नाकावर नाराज असतो ते नाक बऱ्याचदा फोनचं असतं. कुणालातरी पाच-सहा फुटांवर उभं करा, समोरून एक, बाजूनं एक आणि पाठीमागून एक फोटो काढून घ्या, पायापासून डोक्यापर्यंत. पाठमोरा फोटो सगळ्यात कामाचा आणि तोच कुणी काढत नाही.

आता सगळ्या चार्टच्या मागचं गुपित सांगू का, ते दोनच ओळींचं आहे. केस जिथे संपतात तिथे नजर थांबते, आणि केस जिथे फुगतात तिथे रुंदी वाढते. बस. बाकी सगळं यातून आपलं आपल्याला काढता येतं. गोल चेहरा असेल आणि बॉब हनुवटीपाशी संपला तर नजर गालावर थांबते आणि गाल आणखी भरल्यासारखे दिसतात, म्हणून गोल चेहऱ्याला तोच बॉब दोन बोटं खाली उतरवला तर चालतो. टाळूवर थोडी उंची घेतली, भांग मधोमध न पाडता जरा तिरका पाडला की चेहरा लांबतो. लांबट चेहऱ्याला बरोबर याच्या उलट, टाळूवर चापूनचोपून बसवायचं आणि कानाच्या आसपास फुगवायचं, कपाळावर झुलपं आणली की उभं माप तिथल्या तिथे दोन इंच कमी. चौकोनी जबड्यावर बटांचे शेंडे बरोबर कोपऱ्यावर आणू नयेत, एक तर वर संपवा नाहीतर खाली, आणि समोरचे केस सरळसोट न कापता मऊ लेयरमध्ये. बदामी चेहऱ्याला हनुवटीजवळ फुगा लागतो, खालून भरलेल्याला कानाच्या वर.

झुलपांवरून साधना कट आठवला. आईच्या पिढीला हे नाव सांगावं लागत नाही. साधना या नटीचं कपाळ रुंद होतं, १९६० साली तिच्या पहिल्या हिंदी हिट सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना ते कॅमेऱ्यात खटकत होतं, मग हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कापायचं ठरलं आणि पुढची कितीतरी वर्षं पोरी पार्लरमध्ये जाऊन साधना कट मागत होत्या. गंमत अशी की तो कट एका ठरावीक बाईच्या ठरावीक कपाळासाठी होता. ज्यांचं कपाळ मुळातच दोन-तीन बोटांचं, त्यांनीही तोच करून घेतला आणि मग भुवया आणि केस यांच्यात काही उरलंच नाही. आईच्या कॉलेजच्या ग्रुप फोटोत अशा चार तरी मैत्रिणी आहेत, नावं सांगत नाही.

आणखी एक पट्टीचा नियम फिरतो, जॉन फ्रीडा नावाच्या ब्रिटिश हेअरड्रेसरच्या नावानं. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी उभी खाली सोडायची, दोन्ही भेटतात तिथे सव्वादोन इंचांपेक्षा कमी भरलं तर आखूड केस शोभतील, जास्त भरलं तर लांब ठेवा. करून बघायला मजा येते, आमच्याकडे एका रविवारी सगळ्या बायकांनी करून झालं, नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत. पण नीट बघितलं तर तो नियम जबडा किती उतरता आहे एवढंच मोजतो. मान त्यात नाही, खांदे नाहीत, केस कुरळे की सरळ तेही नाही. काकूंचं माप दोन इंच भरलं, म्हणजे नियमानं बॉयकट, आणि काकूंचे केस असे राठ आणि दाट आहेत की बॉयकट केला तर तो खाली बसणारच नाही, उभाच राहील.

तर आता बांधा. इथे मला बरंच बोलायचं आहे.

मान आखूड असेल, माझी आहे, तर खांद्यावर येऊन टेकणारे केस हा सगळ्यात वाईट पर्याय. एक तर ते खांद्यावर आपटून बाहेर वळतात, आणि वळतात तिथे कान ते खांदा ही सगळी मोकळी जागा भरून टाकतात, मग डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. आखूड मानेला एकतर मान दिसेल इतके आखूड हवेत, मागून निमुळते कापलेले, नाहीतर गळ्याच्या हाडाच्या खाली उतरलेले आणि पुढून व्ही आकारात मोकळे. त्यात गळा कसा शिवता तेही बघा, बंद गळ्याचा कुर्ता आणि खांद्यापर्यंत केस हे दोन्ही एकत्र आले की झालंच. ब्लाउजचा मागचा गळा खोल असेल आणि अंबाडा जरा वर बांधला तर तीच मान दोन इंच वाढते, खोटं वाटत असेल तर पाठमोरा फोटो काढून बघा. लांब मानेच्या बायकांना खांद्यापर्यंतचे केस छान दिसतात, त्यांना हवं ते करू द्या, त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

उंचीचं असं आहे की ठेंगण्या बाईला कमरेपर्यंतचा शेपटा म्हणजे पाठीचा सगळा भाग केसांनीच व्यापला, पाय आणखी आखूड दिसतात. आमच्याकडे लांब केसांचं इतकं कौतुक आहे की हे बोलायची सोय नाही, आजी अजून म्हणते बाईचं रूप केसात. असेल, पण पाच फुटांच्या बाईनं पाठीच्या मध्यावर थांबावं असं मला वाटतं, आणि वेणी घालायची तर पुढे खांद्यावर घ्यावी. उंच आणि सडपातळ बाईनं सरळ, चपटे, लांब केस ठेवले की ती आणखी लांब आणि आणखी बारीक दिसते. माझी धाकटी बहीण अशीच, पाच सात, चेहराही लांबट, त्यात तिनं केस स्ट्रेट करून घेतले होते आणि मधला भांग, सगळंच उभं. नंतर खांद्याच्या जरा खाली लेयर आणि बाजूचा भांग केला, नुसत्या त्या बदलानं दोन किलो वजन वाढल्यासारखी, म्हणजे चांगल्या अर्थानं, दिसायला लागली. खांदे रुंद असतील तर केस खांद्यावर संपवू नका, तिथे आडवी रेघ पडते आणि रुंदी अधोरेखित होते. त्याच्या खाली, लेयरमध्ये, शेंडे विरळ ठेवून. खांदे उतरते आणि अरुंद असतील तर मात्र तीच आडवी रेघ उपयोगी पडते.

भरलेल्या अंगाच्या बायकांना पार्लरमध्ये हमखास सांगतात की केस गालावर घ्या म्हणजे गाल झाकतील. दोन्ही बाजूंनी पडदे ओढल्यासारखे सरळ केस सोडले की मधली चेहऱ्याची पट्टी बारीक होते हे खरं, पण डोकंही लहान होतं आणि खालचं अंग त्या प्रमाणात मोठं दिसतं. घट्ट ओढून बांधलेल्या पोनीटेलचं तेच. माझी मावशी अंगानं चांगली दणकट, ती स्वतःच हसत म्हणते की तेल लावून चापून बुचडा बांधला की मी म्हणजे भोपळ्यावर ठेवलेलं लिंबू. तिला सुचवलं ते एवढंच की टाळूवर आणि कानामागे केसांना थोडी हवा राहू दे, बुचडा मानेशी न बांधता जरा वर आणि सैल बांध, आणि समोर एक-दोन बटा मोकळ्या ठेव. केस तेवढेच, वय तेवढंच, पण डोकं आणि अंग एकमेकांना शोभायला लागले. झाकण्यापेक्षा प्रमाण बघा असं मी म्हणते, कारण झाकायचं म्हटलं की आपण सगळं झाकत सुटतो.

नऊवारीचंही हेच. नऊवारी म्हणजे कमरेखाली भरपूर कापड, ओचा, कासोटा, सगळा भार खाली. त्यावर मानेशी घट्ट बसवलेला मोठा अंबाडा किंवा खोपा आणि त्याला गजऱ्याचं वेढं, हे नुसतं नटणं नाही, खालच्या भाराला वरून तोल दिलेला आहे. आता लग्नात पोरी नऊवारीवर मोकळे स्ट्रेट केस सोडतात, समोरून फोटोत छान येतो पण पाठमोरं काहीतरी अपुरं वाटतं. केस कमी असतील तर आत बन ठेवून अंबाडा मोठा करता येतो, फुलबाजारातून गजरा आणून सगळीकडून फिरवला की आतलं कुणाला कळत नाही.

पोताचं मी पहिल्या नंबरला ठेवलं आणि बोलायला तिसरं घेतलं, असू दे. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, कुणाचे एक इंच तर कुणाचे तीन-चार इंच, म्हणून ओल्या केसांवर हनुवटीपर्यंत कापले की घरी येईपर्यंत ते कानापाशी. कुरळ्या केसांच्या मुलींनी वाळलेल्या केसांवर कापणारी ताई शोधावी, मिळते, पण विचारावं लागतं. सरळ आणि विरळ केसांत जास्त लेयर मारले की खाली चार केस उरतात, त्यांना एकसारखी बोथट कड ठेवली तर दाट दिसतात. दाट आणि राठ केसांना उलट आतून हलकं करावं लागतं. आणि भोवरा! भोवरा कुठे आहे ते बघितल्याशिवाय झुलपं कापू देऊ नका. डोक्याला दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात, लग्नाचं माहीत नाही, पण कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर झुलपं तिथे मधोमध दुभंगतात आणि दिवसभर हातानं दाबत बसावं लागतं. टाळूवरचे केस जरुरीपेक्षा आखूड कापले की भोवऱ्यापाशी शेंडी उभी राहते, शाळेतल्या मुलांची बघितली असेल. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागतात, मग कपाळाच्या कडेनं बारीक नवे केस उगवतात, त्या काळात झुलपं अजिबात नको, नवे-जुने मिळून चार लांबीचे केस कपाळावर येतात. वहिनीला मी तेव्हा एवढंच सांगितलं की थांब, एक वर्ष जाऊ दे, भांगाची बाजू बदल आणि तात्पुरतं भागव.

विसाव्या शतकात व्हिडाल ससून म्हणून लंडनचा एक मोठा हेअरड्रेसर होऊन गेला, त्यानं १९६०च्या दशकात कट असा द्यायला सुरुवात केली की केस धुवून झटकले की आपोआप जागेवर बसतील, रोज सेट करायला नको. मला तर कुठल्याही कटची हीच परीक्षा वाटते. पार्लरमधून ब्लो ड्राय करून बाहेर पडताना सगळ्याच हिरॉइनी असतात, प्रश्न पुढच्या मंगळवारचा असतो, जेव्हा डबा भरायचा असतो, पाणी नऊ वाजता जाणार असतं आणि केसांना द्यायला आपल्याकडे सात मिनिटं असतात.

आणि मग नाशिक. इथे गाडीशिवाय बाईचं पान हलत नाही, इंदिरानगरहून सातपूरला जायचं तर आधी स्कार्फ, त्यावर गॉगल, त्यावर हेल्मेट. २०२१ साली पोलिसांनी नो हेल्मेट नो पेट्रोल सुरू केलं तेव्हा किती कुरकुर झाली होती, पण सवय लागली ते बरंच झालं. आता या सगळ्याखाली टाळूवरची उंची अर्धा तासात सपाट होते. गोल चेहऱ्याला टाळूवर उंची घ्या म्हणणाऱ्यांनी हेल्मेट घालून द्वारका सर्कल पार करून दाखवावं. त्यामुळे गाडीवर फिरणाऱ्यांनी उंचीसाठी कटवर अवलंबून राहू नये, भांगावर अवलंबून राहावं. घरून निघताना भांग उलट्या बाजूला पाडून स्कार्फ बांधायचा, पोचल्यावर नेहमीच्या बाजूला टाकायचा, मुळं जरा उभी राहतात आणि तेवढी उंची दुपारपर्यंत टिकते. झुलपांचं मात्र काही खरं नाही, हेल्मेटखाली घामानं कपाळाला चिकटतात, चष्मा असेल तर त्यावर येतात. लांबट चेहऱ्याच्या आणि रोज गाडीवर जाणाऱ्या मुलींनी पूर्ण झुलपांऐवजी गालफडापर्यंत येणाऱ्या बाजूच्या बटा ठेवाव्यात, त्या कानामागे टाकता येतात.

हवाही बघावी लागते. पावसाळ्यात हवेतला ओलावा केस शोषून घेतात आणि फुगतात, नाशकात जून ते सप्टेंबर सगळ्यांचेच केस एक नंबर जास्त दाट. थंडीत उलट, इथली थंडी कोरडी, पारा दहाच्या खाली गेला की केस भुरभुरतात आणि स्वेटर काढताना चटचट करत उभे राहतात. जे लेयर ऑगस्टमध्ये चेहऱ्याला रुंदी देत होते तेच जानेवारीत चपटे पडतात. ज्यांच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी आहे त्यांना हे जास्त जाणवेल, केस राठ होतात आणि वळणं नीट बसत नाहीत, शेवटचा एक तांब्या तरी साध्या पाण्याचा घेतला तर फरक पडतो असा माझा अनुभव.

पुरुषांचं थोडक्यात. त्यांच्याकडे एक जास्तीचं हत्यार आहे, दाढी. आमच्याकडे गोदाघाटावर मुंडण केलेली माणसं रोज दिसतात, पण घरातलं माणूस तसं बघितलं की कळतं केस चेहऱ्याचं किती काम करत होते. आजोबा गेले तेव्हा काकांनी केस, मिशी सगळं दिलं आणि घरातल्या लहान मुलांनी त्यांना पटकन ओळखलंच नाही, कपाळ कुठे संपतं ते कळेना, कान एवढे मोठे होते हे तर कुणाला माहीतच नव्हतं. तर गोल चेहऱ्याच्या मुलांनी बाजू बारीक, वर थोडी उंची आणि दाढी हनुवटीला लांब, गालावर कमी. लांबट चेहऱ्याच्यांनी बाजू झीरो मशीननं साफ करू नये, वर कोंबड्याचा तुरा ठेवू नये, दाढी गालावर भरलेली आणि खाली आखूड. माझ्या भाच्याचं नेमकं उलटं आहे पण त्याला सांगणार कोण, त्याच्या क्रिकेटरनं ठेवलंय म्हणजे ठेवलंय. मान आखूड आणि जाड असेल तर मागची कड चौकोनी न मारता हळूहळू बारीक करत न्यायला सांगा, चौकोनी कड मान आणखी रुंद दाखवते. दाढीची खालची रेघ जबड्याच्या कडेवर मारली की डबल चीन मोकळी पडते, कंठाच्या वर दोन बोटांवर ठेवली तर झाकते. यासाठी गंगापूर रोडचं एसी सलून लागत नाही, गल्लीतल्या न्हाव्याला नीट सांगितलं तरी तो करतो, फक्त त्याचं टीव्हीतलं लक्ष आधी इकडे आणावं लागतं.

सासूबाईंच्या वयाच्या बायकांसाठी एक. वर्षानुवर्षं तोच मधला भांग आणि तोच घट्ट बुचडा, मग भांग रुंद होत जातो आणि कपाळाच्या कडेचे केस मागे सरकतात. सतत ओढल्यामुळे मुळं कमजोर होतात, हे डॉक्टरही सांगतात. भांगाची बाजू बदलणं फुकट आहे, आणि विरळ केस मानेपर्यंत कापले तर लांब शेपटीपेक्षा दाट दिसतात. सासूबाईंनी हो म्हणायला वेळ घेतला, त्यांच्या भजनी मंडळात आधी दुसऱ्या कुणीतरी कापले तेव्हा कुठे तयार झाल्या. पांढरे केस तसेच ठेवले, मानेपर्यंत आणले, बाजूला भांग, आणि नथ घातली की नाकडोळे एकदम वर येतात. सासऱ्यांनी आठवडाभर काही म्हटलं नाही, मग म्हणाले तू चष्मा बदललास का.

पार्लरमध्ये बोलायचं कसं याबद्दल, फोटो दाखवाच, पण दोन दाखवा, एक आवडलेला आणि एक अजिबात नको असलेला. नको असलेल्या फोटोवरून ताईला जास्त कळतं. आणि थोडेसे कापा असं म्हणू नका, थोडेसे म्हणजे तिच्या हिशोबानं तीन इंच असतात, बोट ठेवून दाखवा की इथपर्यंत. केस ओले केल्यावर पुन्हा दाखवा. शंका असेल तर सांगितलं त्याच्या एक इंच खाली थांबायला लावा, एप्रन काढून उभं राहून बघा, मग बाकीचे. चांगली ताई चिडत नाही. चिडली तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा, नाशकात पार्लरची काही कमी नाही, सिडकोत तर एका चौकात तीन सापडतील.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवा कट करू नका, तीन-चार आठवडे आधी करा म्हणजे केस बसतात आणि आपला हातही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेल कुठलंही लावलं तरी. भुवयांपर्यंत कापलेली झुलपं हनुवटीपर्यंत यायला वर्षभर जातं, आणि मधले काही महिने ती नेमकी डोळ्यात येतात. तेव्हा दिवाळीनंतर घरात लग्न असेल आणि तुम्हाला अंबाडाच बांधायचा असेल तर कात्री आत्ता फक्त फाटे फुटलेल्या शेंड्यांपुरती लावा, बॉब पुढच्या उन्हाळ्यात, तेव्हा मानेवर वाराही लागेल.